लंडनचा उन्हाळा आणि नातीचा डबा

परदेशाहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात : "काय काय पाहिलेत?" आणि "जेवणाखाण्याचे काय केलेत?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर छायाचित्रे दाखवून देता येते. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र आम्ही अजूनही थोडे अडखळतो. २०२३ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये घालविलेल्या सहा-सात आठवड्यांत आम्ही जे खाल्ले, त्यात आमच्या नातीची आणि वडोदऱ्यात चार पिढ्या राहिलेल्या आमच्या घराची गोष्ट गुंतलेली आहे. आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या घरांना ती आपलीशी वाटेल, या भरवशावर हा लेखनप्रपंच.

निमित्त साधेच होते. इंग्लंडमधील शाळांना उन्हाळी सुटी जुलैच्या उत्तरार्धात लागते आणि सप्टेंबरच्या आरंभी संपते. चिरंजीव आणि सूनबाई दोघेही नोकरी करणारे. नऊ वर्षांच्या नातीजवळ दिवसभर कोणी राहावे, हा प्रश्न होता. "बाबा, या वर्षी तुम्ही आणि आईच या," असा फोन आला आणि आम्ही निघालो. सौ. ने गोडा मसाला, मेथकूट, लसणाची चटणी, उडदाचे पापड आणि छुंद्याची बरणी असा अर्धा संसार पेटीत भरला. पेढे आणि घरचे तूप तेवढे मागे ठेवावे लागले. दुधातुपाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेण्यास बंदी आहे.

तेथील उन्हाळा म्हणजे आपल्याकडील ऐन श्रावण. त्या वर्षीचा जुलै तर विशेष पावसाळी होता. परंतु रात्री पावणेनऊ-नऊपर्यंत उजेड असे, आणि त्या लांबलचक संध्याकाळी शहर घरात बसू देत नसे.

पोहोचल्यावर चौथ्या दिवशी नातीला घेऊन आम्ही क्यू येथील वनस्पतिउद्यानात गेलो. १७५९ साली राजघराण्याच्या बागेतून आरंभ झालेल्या या उद्यानाची २००३ मध्ये जागतिक वारसास्थळांत गणना झाली. १८४८ साली पूर्ण झालेल्या 'पाम हाउस' या काचेच्या प्रचंड वास्तूत शिरताच ऊबदार, दमट हवा अंगावर आली. केळ, ऊस, कोको, कॉफी अशी उष्ण प्रदेशातील झाडे तेथे पाहुण्यांसारखी जपलेली आहेत. जवळच्या दुसऱ्या काचघरात लग्नघरातल्या परातीहूनही मोठी, काठ उभे वळलेली कमळपाने पाण्यावर तरंगत होती. नात प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून दाखवीत होती आणि आम्ही धन्य होत होतो.

दुपारी हिरवळीवर बसलो. सौ. ने डबा काढला : मेथीचे थेपले, बटाट्याची भाजी, छुंदा. झाकण उघडते न उघडते तोच नात कुजबुजली, "आजी, प्लीज, इथं नको उघडू. वास येतो. सगळे बघतात."

आजूबाजूला पाहिले. कोणीही आमच्याकडे पाहत नव्हते. पण डबा मिटला गेला. नातीने उद्यानातल्या उपाहारगृहातील सँडविच खाल्ले. आम्ही दोघांनी कॉफी घेतली.

त्या रात्री सूनबाईंनी सांगितले. दोन वर्षांपूर्वी शाळेत तिने असाच डबा उघडला, तेव्हा शेजारच्या मुलांनी नाके धरली होती. त्यात फारशी दुष्टाई नसावी, मुलेच ती. पण त्या दिवसापासून डब्यात चीजचे सँडविच जाते, आणि घरीही वरणभातावर तिचे मन राहिलेले नाही. "तुम्हांला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते, आई," असे सूनबाई म्हणाल्या. सौ. काही बोलली नाही. ते थेपले आम्ही रात्री गरम करून खाल्ले.

रागावण्याजोगे त्यात काही नव्हते. चारचौघांत वेगळे दिसण्याचे भय नवव्या वर्षी जितके बोचते, तितके पुढे कधी बोचत नाही. आम्हांला तर ते आमच्याच बालपणातून आठवले. सुटीत पुण्याला गेलो की आमच्या बोलण्यातला एखादा गुजराती शब्द ऐकून चुलतभावंडे हसत. आमच्या आईने केलेल्या आमटीत गूळ अंमळ जास्त पडे, त्यावर "तुम्ही पार गुजराती झालात!" असा शेरा ठरलेला असे. आम्ही त्या घरी आमटी मागून घेणेच सोडून दिले होते. साठ वर्षांपूर्वी मिटलेला आमचा तो डबा आता नातीच्या हातात दिसत होता.

उपदेश करून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही नातीशी करार केला. आठवड्यातून दोनदा आपण तिघांनी शहराच्या नव्या भागात जायचे. नकाशा पाहून वाट तिने काढायची, खर्च आम्ही करायचा. अकरा वर्षांखालील मुलांना तेथे मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये भाडे नसते, ही त्यात सोय. जेथे जाऊ तेथे त्या वस्तीतल्या लोकांचा एक शाकाहारी पदार्थ तिघांनी खायचा. आणि कोणीही, काहीही झाले तरी, "छी" म्हणायचे नाही. शेवटची अट तिला फार आवडली. ती आजीलाही लागू आहे ना, याची तिने दोनदा खात्री करून घेतली.

आरंभ आम्ही इतिहासापासून केला. पोर्टमन स्क्वेअरजवळ जॉर्ज स्ट्रीटवर एका इमारतीवर छोटासा फलक आहे. मूळचे पाटण्याचे दीन महंमद यांनी १८१० साली येथे 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढले. हिंदी माणसाने चालविलेले ते लंडनमधील पहिले उपाहारगृह. हुक्का होता, वेताच्या खुर्च्या होत्या, मसालेदार जेवण होते; गिऱ्हाईक मात्र पुरेसे मिळाले नाही आणि १८१२ मध्ये त्यांचे दिवाळे वाजले. नातीने फलक वाचला आणि विचारले, "लोकांना वास आवडला नसेल?" आम्ही म्हटले, "नसेलही. पण पुढे काय झाले ते पाहा." पुढे झाले ते असे, की २००१ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी 'चिकन टिक्का मसाला' हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे भाषणात सांगितले. दीन महंमद एकशे नव्वद वर्षे आधी जन्मले, एवढीच त्यांची चूक!

दुसरी फेरी वेम्बलीच्या ईलिंग रोडवर. येथे पाय ठेवताच आम्हांला मांडवीच्या बाजारात आल्यासारखे वाटले. साड्यांची दुकाने, भाजीच्या पेट्या, फरसाण, गरम जिलेबी. एका दुकानातल्या वृद्ध बाईंनी "आवो बा, आवो" म्हणून स्वागत केले आणि आम्ही सवयीने गुजरातीत उत्तर दिले. नात चकित झाली. आजी-आजोबांना मराठी आणि इंग्रजीपलीकडे आणखी एक भाषा इतक्या सहज येते, हे तिला ठाऊकच नव्हते. त्या बाईंचा जन्म कंपालाचा. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, त्यांतील सुमारे २८,००० जण ब्रिटनमध्ये आले. येताना पैसा आणता आला नाही. जिभेवरची चव तेवढी आणली. म्हणूनच येथील गुजराती दुकानांत 'मोगो' मिळतो : कसाव्याचे तळलेले काप, वर तिखट आणि लिंबू. आफ्रिकेतला कंद, गुजराती मसाला, लंडनचे गिऱ्हाईक. सौ. ने एक काप चाखून सांगितले, "अगं, हा तर साबुदाण्याचा कंद!" खरेच, आपला साबुदाणा याच कंदाच्या पिठापासून होतो. एकादशीची खिचडी आणि मोगो एकाच घराण्यातले निघाल्याचे ऐकून नातीने दुसरी बशी मागितली.

मग आम्ही पूर्व लंडनमधील ब्रिक लेन पाहिली. तेथे एक साधी, विटांची, चौकोनी इमारत आहे. फ्रान्समधील धर्मच्छळातून निसटलेल्या प्रॉटेस्टंटांच्या वस्तीने १७४३ साली आपले प्रार्थनामंदिर म्हणून ती बांधली. त्यांची मुलेबाळे शहरात मिसळून गेली. पुढे ती मेथॉडिस्ट पंथाकडे आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी तिचे सिनेगॉग केले. आणि १९७६ पासून बांगलादेशी मुसलमानांची ती मशीद आहे. त्या रस्त्यावर सिल्हेटकडच्या लोकांची उपाहारगृहे आहेत आणि ज्यूंची बेगल विकणारी जुनी दुकानेही. बेगल म्हणजे आधी पाण्यात उकळून मग भाजलेला, कड्यासारखा पाव. बाहेरून चिवट, आतून मऊ. चीज लावलेले तीन बेगल घेऊन आम्ही त्या इमारतीसमोर उभ्याने खाल्ले. नात बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "घर तेच. माणसं बदलत गेली." नऊ वर्षांच्या मुलीला एवढे कळले, तर त्या दिवसाचे आणखी काही मागणे उरले नाही.

उत्तर लंडनमधील ग्रीन लेन्स या रस्त्यावर तुर्की, कुर्दी आणि सायप्रसच्या लोकांची वस्ती आहे. तेथे एका दुकानाच्या काचेमागे बसून एक बाई हातभर लांब, बोटाएवढ्या जाड लाटण्याने कागदासारखी पातळ पोळी लाटीत होती. तीत पालक आणि बटाटा भरून ती तव्यावर भाजतात, नाव 'गोझलेमे'. सौ. काचेपाशी खिळून राहिली. तिने हातानेच विचारले, पीठ एवढे ताणले कसे जाते? त्या बाईने हसून हातानेच सांगितले : पीठ मऊ भिजवायचे आणि झाकून ठेवायचे. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी दहा मिनिटे दोघी बोलत होत्या. नात मध्ये उभी राहून कधी या आजीकडे, कधी त्या बाईकडे पाहत होती. आपल्या आजीला येते ती विद्या परक्या शहरात काचेमागे बसवून, येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून पाहावी अशी असते, हे तिने त्या दिवशी प्रथम पाहिले असावे.

दक्षिणेकडील ब्रिक्स्टनच्या बाजारात वेस्ट इंडीजच्या लोकांची दुकाने आहेत. त्रिनिदादच्या खाण्यातील 'डबल्स' नावाचा पदार्थ आम्ही मुद्दाम शोधून खाल्ला : दोन मऊ पुऱ्या आणि मधे रस्सेदार चणे. त्या पुरीला तेथील लोक 'बारा' म्हणतात. हा आपल्या वड्याचाच सातासमुद्रापलीकडचा भाऊबंद. १८४५ पासून त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या हिंदी माणसांचा हा वारसा, त्यांच्या वंशजांनी पुढे लंडनला आणला. त्यांच्यातले कितीजण हिंदी किंवा भोजपुरी बोलतात कोण जाणे. वडा मात्र टिकला.

खुद्द इंग्रजांचे काय खाल्लेत, असे वाचक विचारतील. व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आम्ही चहा आणि स्कोन घेतले. स्कोन म्हणजे खुसखुशीत, जाडसर, बिनखारी पाव. त्यावर दाट साय आणि स्ट्रॉबेरीचा मुरंबा. जगात संग्रहालयाच्या आवारात उपाहारगृह काढण्याची कल्पना प्रथम येथेच, एकोणिसाव्या शतकात, अमलात आली. रंगीत चिनीमातीच्या फरशांनी मढविलेली ती दालने चहापेक्षाही पाहण्याजोगी आहेत. मासे आम्ही खात नाही. म्हणून 'फिश अँड चिप्स'मधील नुसत्या चिप्स, वर मीठ आणि सिरका घालून, नदीकाठी बसून खाल्ल्या. त्यातले माशाचे तळणही स्पेन-पोर्तुगालहून आलेल्या ज्यूंनी इंग्लंडला शिकविले असे सांगतात. म्हणजे इंग्रजांचे म्हणून जे प्रसिद्ध, त्यातही कोणी पाहुणा बसलेलाच आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. काही दुकानांत चिप्स बैलाच्या चरबीत तळतात. तेव्हा विचारून घ्यावे. बांधीव खाद्यपदार्थांवर शाकाहारी असल्याची खूण बहुधा असते, ती पाहण्याची सवय करावी. जेलीत आणि काही चीजमध्ये प्राणिज अंश असतो. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागते. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी यांसारख्या मोठ्या संग्रहालयांच्या कायम दालनांना प्रवेशमूल्य नाही. क्यूला मात्र तिकीट आहे. आणि ऊन कितीही पडलेले दिसो, छत्री घरी ठेवू नये.

सर्वांत शेवटची सहल आम्ही राखून ठेवली होती. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर घेतले आणि तेथे स्मारक झाले. वडोदऱ्याच्या माणसाने या घरात अभिमानाने शिरावे आणि खाली मान घालून बाहेर पडावे, असे आम्हांला वाटते. १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठविले, हे आम्ही नातीला सांगितले. त्याच वडोदऱ्यात १९१७ साली संस्थानच्या नोकरीवर आले असता अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळाली नाही, आणि कमाटीबागेतल्या झाडाखाली बसून त्यांना अश्रू ढाळावे लागले, हेही सांगितले. अर्धेच सांगून चालले नसते.

लंडनमध्ये त्यांच्यापाशी पैसा नव्हता. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचे आणि रात्री भूक अनावर झाली, की भाजलेल्या पापडांवर वेळ भागवायची, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. नातीने विचारले, "पापडच का?" सौ. म्हणाली, "घरून तेवढाच नेता येतो गं. हलका असतो आणि टिकतो." "आणि त्याचा वास यायचा का?" आम्ही म्हटले, "भाजलेल्या पापडाचा वास सगळ्या घरभर होतो." ती काही बोलली नाही. टेकडीवर चढून आम्ही खाली पसरलेले शहर पाहत बसलो. पिशवीत नेहमीप्रमाणे डबा होता. आम्ही तो काढला नाही. तिनेच काढला, उघडला आणि एक थेपला गुंडाळून खाऊ लागली. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी कुतूहलाने पाहिले. नातीने मान फिरविली नाही.

याचा अर्थ सारे काही सुरळीत झाले, असा मात्र नव्हे. शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री नात स्वयंपाकघरात आली आणि भीत भीत म्हणाली, "आजी, उद्या थेपले दे. पण आत चीज घालशील? आणि भाजी नको." सौ. च्या हातातले लाटणे क्षणभर थांबले. चाळीस वर्षे केलेल्या थेपल्यात चीज! आम्हांला वाटले, आता करारातली शेवटची अट मोडते की काय. पण सौ. ने "छी" म्हटले नाही. तिने चीज किसून घेतले, थेपल्यावर पसरले, थोडा छुंदा लावला आणि गुंडाळी करून दिली.

संध्याकाळी डबा रिकामा आला. शाळेत कोणी काय म्हटले, ते आम्ही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

परतल्यावर एका सकाळी वडोदऱ्यात नेहमीच्या गाडीवर शेवउसळ खायला गेलो. उसळ आपली मराठी, वर मूठभर गुजराती शेव, तिखटजाळ तर्री आणि सोबत पाव. आज सारे शहर तिला आपली म्हणते. आमच्या पणजोबांच्या पुढ्यात ही बशी ठेवली असती, तर शेव पाहून त्यांचेही लाटणे थांबले असते. चुलतभावंडे ज्या आमटीला हसली, ती आमच्या आईने कोणाला दाखविण्यासाठी गोड केली नव्हती. ज्या गावात राहायचे तेथील चव घरात घेऊनच घर टिकते, एवढे तिला कळले होते. ते कळायला आम्हांला लंडनपर्यंत जावे लागले.

परवा फोन आला होता. नातीने अभ्यासाचे विचारू दिले नाही, हवापाण्याचे विचारू दिले नाही. एकच वाक्य तिने मराठीत सांगितले आणि आईच्या हाती फोन दिला : "आजी, छुंदा संपलाय."